पिंपातलं भात

आमच्या पाड्यावरच्या भाताला तीस वर्षं मीच मोड काढले. वज्रेश्वरीच्या रस्त्याकडेला बारा घरांचा पाडा. अर्धी माणसं गोडाऊनच्या ड्युटीला जातात, लावणीला हात पुरत नाहीत. म्हणून आम्ही मोड आलेलं भात सरळ चिखलात फेकतो. मोड बिघडले तर ते वर्षच गेलं. त्यामुळे जून लागला की बियाणं माझ्या दारात यायचं, आणि बियाण्याबरोबर माणसंही यायची, बसायची, चहा प्यायची.

मग शेजारच्या मंगळीच्या घरात सोनल सून म्हणून आली. दहावी शिकलेली. तिच्या पहिल्याच वर्षी तिच्या भाताचे मोड माझ्या भाताच्या एक दिवस आधी आले, सगळे सारखे, तिळाएवढे. पुढच्या वर्षी लोकांच्या पिशव्या माझ्या दारावरून पुढे जाऊ लागल्या. जाताना महादू हटकून माझ्या गुडघ्याची चौकशी करायचा. आधी कधी केली नव्हती.

मी ओटीवर बसून तिच्याकडे बघत राहायचे. ती भात कसं धुते, हात कसा पुसते, सगळं मला खुपायचं. ती हसली तरी खुपायचं.

गेल्या वर्षी सगळ्यांच्या पिशव्या तिच्याकडेच गेल्या. पॉवरलूमच्या कोऱ्या कापडाच्या पिशव्या, प्रत्येकीवर तिनं काळ्या पेनानं नाव लिहिलेलं. तिनं त्या निळ्या पिंपात भिजत घातल्या, तेवढ्यात भिवंडीहून निरोप आला. धामणकर नाक्याला तिची बहीण राहते, तिला कळा सुरू झाल्या होत्या. मंगळीला डोळ्यांनी नीट दिसत नाही. मग सोनल माझ्याकडे आली.

"काकी, तुमच्याशिवाय कोणाच्या भरवशावर टाकू? उद्या सकाळी पिशव्या पाण्यातून काढा, पेंढ्यात ठेवा. रोज एकदा पिशव्या सोडून हात फिरवा, वारा लागू द्या."

मला वारा शिकवत होती. मी बरं म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पिंपाजवळ गेले आणि झाकण आणखी घट्ट दाबून परत आले. तिसऱ्या दिवशी गेलेच नाही. भाताचा दाणा पाण्यात कोंडला तर मरत नाही, पण फसतो. वारा शोधायला पांढरा कोंब वर सोडतो आणि मूळ सोडतच नाही. असलं भात चिखलात फेकलं तर उभं राहत नाही, तरंगतं. हे मला ठाऊक होतं. म्हणूनच मी तसं केलं.

चौथ्या दिवशी सकाळी पिशव्या काढून पेंढ्यात ठेवल्या. पाण्यावर फेस आला होता, ताडी उतू जावी तसा. आंबूस वास माझ्या पदराला लागला.

दुपारी सोनल आली. बहिणीला मुलगी झाली म्हणून खूष होती. पेंढा बाजूला केला आणि तिचा चेहरा उतरला. एकेक पिशवी सोडत ती नाव वाचू लागली. "चिंतूमामा. महादू. धोंडूबाई." आतून शेवयांसारखे कोंब निघत होते. "किशनदादा."

किशन म्हणजे माझा मुलगा. वेगळा राहतो, पण त्याचं बियाणं माझ्याशिवाय कोणाकडे गेलं नव्हतं. त्या वर्षी तो मला म्हणाला होता की तयार रोप आणणार आहे, बियाणं भिजवायचं नाही. मला वाचता येत नाही. पिशवी सकाळी माझ्याच हातानं काढली होती आणि मला कळलं नव्हतं. आधी मनात आलं ते भाताचं नव्हतं. आधी हेच आलं की, माझं लेकरूसुद्धा तिच्याकडे गेलं.

सोनल मंगळीला म्हणाली, बियाणंच खराब निघालं, कोंबड्यांना घालू. तिनं सूप उचललं.

मी गप्प राहिले असते तर दोष बियाण्यावर गेला असता, माझं नाव निघालं नसतं, आणि एवढं बियाणं गेल्यावर बारा घरांनी परत सोनलच्या दारात पाऊल ठेवलं नसतं. पण किशनकडे पेरायला दुसरं भात नव्हतं.

"टाकू नको," मी म्हणाले. "मेलं न्हाय ते. वारा न्हाय मिळाला त्याला. धू आणि सावलीत पातळ पसरव, मुळं येतील."

तिनं माझ्याकडे बघितलं. "काकी, पिंपातून कधी काढलंत?"

"आज."

तिनं सूप खाली ठेवलं. आम्ही दोघींनी तीन पाण्यांनी भात धुतलं, आंबट वास जाईपर्यंत, आणि ओटीवर गोणपाटावर पसरलं. दर थोड्या वेळानं हात फिरवला. तिचा हात माझ्या हातापेक्षा हलका चालत होता, तेही मी पाहिलं. दुसऱ्या संध्याकाळी कोंबाच्या बुडाशी दोऱ्यासारखी मुळं दिसली. काही वाया गेलं, बरंच वाचलं.

लोक पिशव्या न्यायला आले तेव्हा सोनलनं सगळ्यांना सांगितलं, पाण्यात जास्त राहिलं होतं, गुणाकाकी होत्या म्हणून वाचलं. कोणाच्या हातून राहिलं, ते तिनं सांगितलं नाही. महादू माझ्या पाया पडला. तिनं भांडण केलं असतं तर मी भांडले असते. ही मुलगी चांगुलपणातसुद्धा माझ्या पुढेच.

किशन शेवटी आला. पिशवी खांद्यावर टाकून माझ्याजवळ थांबला, मान खाली घालून.

"आये, चुकलो. पुढच्या वर्षी तुझ्याकडंच देतो. देऊ ना?"

सोनल गोणपाट झटकत होती. झटकायची थांबली.

"दे," मी म्हणाले.