अनुभवाचा रकाना

ज्या वर्षी भंडारा जिल्ह्यातून गोंदिया वेगळा झाला, त्याच वर्षी काचबिंदूनं परसरामची नजर गेली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. तो पुढं नऊ वर्षांनी मी जोडून दिला.

परसराम माझ्या वयाचा, शाळेतला सोबती. करडीच्या पुढं नाल्याकाठी आमचं गाव आहे. तिथं परवान्याची बंदूक त्याच्या एकट्याकडे होती. बारा बोअरची एकनळी, पीक संरक्षणासाठी मिळालेली. त्याआधी गावात बंदूक असायची ती मालगुजाराच्या घरी, आणि परसरामचा बाप त्या घरासमोरून जाताना पायातल्या वहाणा हातात घ्यायचा. म्हणून शहात्तर साली परवाना मिळाला तेव्हा परसराम तो आधी विहारात घेऊन गेला, चारचौघांना दाखवला, मग घरी आला. त्याच्या बायकोनं, पंचफुलाबाईनं, परवान्याच्या वहीला जुन्या लुगड्याच्या काठाचं कव्हर शिवलं.

नजर गेल्यावर बंदूक खुंटीला राहिली असती, पण रानडुकरं काही खुंटीला राहत नाहीत. धान निसवून लोंब्या आल्या की ती कळपानं उतरतात आणि एका फेरीत अख्खी बांधी, म्हणजे धानाचं खाचर, लोळवून जातात. परसरामच्या बांध्यांना लागून, नाल्याच्या पलीकडे, धनीरामची दीड एकर होती. धनीराम ढिवर, दिवसा तलावात जाळं टाकायचा आणि दिवाळीपर्यंत रोज जागलीला जायचा. तेव्हा त्या दोघांनी ठरवलं की धनीरामनं दोन्ही शेतांची जागल करायची आणि बंदूक बरोबर न्यायची. मारायचं काही नाही, फक्त हवेत बार काढायचा.

दिवेलागणीला तो परसरामच्या ओसरीवर येई, चहा पिई आणि म्हणे, "चला जी, लेकीले सासरी धाडा."

"सकाळी माहेरी आणून सोडजो," परसराम म्हणे. "आन उपाशी ठेवू नोको. काल एकच काडतूस देल्लं तू तिले."

"खादाड लेक देल्ली तुमी, मी काय करू?"

सगळं गाव हे ऐकत होतं. ठाण्यालाही ठाऊक होतं. निवडणूक आली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात. धनीरामच सायकलवर बांधून घेऊन जायचा. जमादार त्याच्याकडे बघून विचारायचा, "परसराम, तब्येत कशी आहे?" धनीराम सांगायचा, "डोये गेले साहेब, पन सायकल दिसते." पावती परसरामच्या नावानं फाटायची.

नवव्या वर्षी परसरामला पहिला झटका आला. बोलणं परत आलं, पण तेव्हापासून त्याला एकच घोर लागला. एके दिवशी दुपारी त्यानं मला बोलावलं.

"मास्तर, मी मेलो का बंदूक ठाण्यात जमा होईल. बराबर?"

"बरोबर. वारसानं परवाना काढला तर त्याला मिळते."

"पोराले, अश्वजितले, नको हाये. नागपुरात ब्यांकेत बसून तो कोनाले भेवाडन? मंग धनीरामनं काय करावं? थाळी वाजवावं?"

धनीराम तिथंच बसला होता. त्याच्या घरचं वर्षाचं खाणं त्या दीड एकरात होतं, आणि तलावाचा ठेका मच्छीमारांच्या संस्थेकडून दुसऱ्यांकडे गेल्यापासून दुसरं काही नव्हतं.

"त्याच्या नावानं करून दे," परसराम म्हणाला. "मी जिता हावो तवरीच."

मी निवृत्त प्राथमिक शिक्षक. गावच्या वाचनालयाचं, म्हणजे एका कपाटाचं, काम पाहतो. लोकांचे अर्ज लिहून देतो. ते अर्ज मंजूर होतात ते माझ्यामुळं की मी असूनही, हे मला कधी कळलेलं नाही. पण या कामात मी कसूर ठेवायची नाही असं ठरवलं. भंडाऱ्याहून शस्त्र कायद्याचं मराठी पुस्तक आणलं. तीन आठवडे वाचलं, समासात खुणा केल्या. मग ओसरीवर बसून दोघांना समजावलं. आधी धनीरामला स्वतःचा परवाना लागेल. तो मिळाल्यावर परसरामनं जिल्हाधिकाऱ्यांना आणि ठाण्याला लेखी कळवायचं की अमुक नंबरची बंदूक अमुक परवानाधारकाला देतो आहे. कळवल्यापासून पंचेचाळीस दिवस थांबायचं. मगच बंदूक हातातून हातात.

"पंचेचाळीस दिवस?" धनीराम म्हणाला. "लगन ठरून इतके दिवस कोनी पोरगी ठेवते का जी घरी?"

"विकली काय, फुकट दिली काय, नियम तोच," मी म्हणालो. मला बरं वाटत होतं. दोन माणसं माझं ऐकत होती.

दुसऱ्या दिवशी अर्ज भरायला घेतला. नाव, वय, सर्व्हे नंबर, कशासाठी हवं, सगळं नीट उतरत गेलं. मग एक रकाना आला: अर्जदारास शस्त्र हाताळण्याचे प्रशिक्षण अथवा अनुभव आहे काय.

"नाही लिवा," धनीराम म्हणाला.

मी थांबलो. नाही लिहिलं तर साहेब म्हणतील, या माणसाला कशाला द्यायची? आणि ते खरंही नव्हतं. सबंध टापूत धनीरामइतकी बंदूक कोणाला कळत नव्हती. मी रकान्यात लिहिलं, जागा पुरली नाही म्हणून मागं जोडपत्र लावलं. ती वाक्यं मला अजून पाठ आहेत. 'अर्जदार हा श्री. परसराम यांची परवानाप्राप्त बंदूक गेली नऊ वर्षे पीक रक्षणार्थ नियमितपणे हाताळीत असून, या कालावधीत त्याच्या हातून एकही अपघात अथवा गैरवापर घडलेला नाही.' दोनदा कच्चं लिहिलं, तिसऱ्यांदा पक्कं केलं. वाचून दाखवलं.

परसराम म्हणाला, "मस्त."

पंचफुलाबाई सुपात तांदूळ निवडत होती. तिला अक्षरओळख नाही. ती मान वर न करता म्हणाली, "भाऊजी, म्हंजे बंदूक आमी त्याले देत होतो असं तुमीच साहेबाले सांगून राहिले का?"

"अनुभव म्हणून सांगतोय, वहिनी."

"अनुभव तुमच्यासाठी. त्याहीच्यासाठी गुन्हा न व्हय?"

मी चाळीस वर्षं शाळेत एक गोष्ट पाळली. ज्या पोरानं आपण होऊन चूक सांगितली त्याला कधी छडी मारली नाही. जग तसंच चालतं असं मी धरून बसलो होतो. आणि पुस्तक तीन आठवडे मी वाचलं होतं, तिनं नाही. एरवी चारचौघांत मला शब्द सुचत नाही. त्या दिवशी सुचला.

"वहिनी, कायद्यातलं तुम्हाला कळणार नाही. खरं लिहिलं की साहेब लोक विश्वास ठेवतात."

तिनं निवडणं थांबवलं. सूप उचलून आत गेली. धनीरामनं जीभ दातात धरून सही केली. ती सही मीच त्याला दुसरीत शिकवली होती.

अर्ज आमच्या ठाण्यात थांबला असता तर जमादारानं तो वाचून मला बोलावलं असतं, चार शिव्या दिल्या असत्या आणि फाडला असता. पण धनीरामचं शेत नाल्यापलीकडे. नाला आता नुसता नाला नव्हता, दोन जिल्ह्यांची हद्द होता. गाव भंडाऱ्यात, शेत गोंदियात. म्हणून चौकशीसाठी कागद पलीकडच्या ठाण्याला गेला. तिथले फौजदार आम्हाला ओळखत नव्हते. त्यांनी तो अर्ज पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत लक्ष देऊन वाचला. माझं लिहिणं कोणीतरी असं वाचावं अशी माझी जन्मभराची इच्छा होती.

जीप सकाळी आली. बंदूक माहेरीच होती, नुकतीच पुसून ठेवलेली. धनीरामला नाल्यावरून ओल्या अंगानं आणलं. विनापरवाना शस्त्र बाळगलं म्हणून त्याच्यावर गुन्हा, दिलं म्हणून परसरामवर. फौजदार उद्धट नव्हते. परसरामला त्यांनी खाटेवर बसूनच अंगठा दिला तरी चालेल म्हटलं. परसराम म्हणाला, "अंगठा नाही. मी सही करतो," आणि आंधळ्या हातानं केली, ती कागदाच्या बाहेर गेली.

परवान्याची वही घेताना पंचफुलाबाई पुढं आली. "ते कव्हर तरी द्या. ते मा लुगड्याचं हाये."

हवालदार पंचनाम्याकडे बघत म्हणाला, "कव्हरासह असं लिहून झालं, बाई."

परसराम त्या हिवाळ्यात गेला. मी रोज त्याच्या खाटेपाशी बसायचो. तो माझ्याशी पहिल्यासारखाच बोलायचा, पिकाबद्दल, पोटाबद्दल. या विषयावर एकदाच बोलला. "मास्तर, मालगुजाराची बंदूक तं त्याचा गाडीवान, त्याचा साळा, साऱ्यायच्या हातात फिरे. पन तो काही लिवत नोहता."

धनीरामची केस तीन वर्षं चालली. मला साक्षीला बोलावलं. धनीरामच्या वकिलानं बाहेर झाडाखाली मला बजावलं होतं, "अक्षराबद्दल विचारलं तर आठवत नाही म्हणा. वय झालंय तुमचं, कोणी काही म्हणणार नाही." मी मान डोलावली होती.

सरकारी वकिलानं अर्ज माझ्या हातात दिला. कागद पिवळा पडला होता. शिरोरेघा सरळ होत्या.

"हे अक्षर कोणाचं?"

आठवत नाही म्हणणं सोपं होतं. तोंड उघडलं आणि जे निघालं ते निघालं.

"माझं."

"मजकूर अर्जदारानं सांगितला तसा लिहिला?"

इथं तरी मला म्हणता आलं असतं की नाही, त्यानं 'नाही लिवा' सांगितलं होतं, नऊ वर्षं मी घातली. ते खरंच होतं. पण मी हातातल्या कागदावरच्या शिरोरेघाच बघत राहिलो. त्यावरून न्यायाधीशांनी 'होय' असं लिहून घेतलं का ते मला आजही माहीत नाही. ते कागदाकडे बघत म्हणाले, "अक्षर मात्र सुरेख आहे, गुरुजी." दोन-तीन वकील हसले. आरोपीच्या पिंजऱ्यातून धनीरामही हसला. माझं कौतुक झालं असं त्याला वाटलं.

एक वर्षाची सजा झाली. बंदूक सरकारजमा.

तो तुरुंगात असताना धान निसवलं. बायको यशोदाबाई आणि सून रंजू थाळ्या घेऊन जागलीला जात. डुकरांना थाळीची सवय झाली. चौथ्या दिवशी दीड एकरातली निम्मी बांधी लोळली होती. वनखात्याकडून नुकसानभरपाई मिळते असं कोणीतरी सांगितलं, म्हणून यशोदाबाई कोरा अर्ज घेऊन माझ्या दारी आली. रंजू सोबत होती. मी चष्मा पुसला, पेन काढलं.

"पेन ठेवा जी गुरुजी," यशोदाबाई म्हणाली. आवाजात राग नव्हता. "तुमी फक्त वाचा. लिवते रंजू."

रंजू सातवीपर्यंत शिकलेली. मी रकाने वाचत गेलो, ती जमिनीवर कागद ठेवून मोठ्या, वाकड्या अक्षरात लिहीत गेली. नाव. गाव. सर्व्हे नंबर. पीक धान. नुकसान रानडुकरांनी. प्रत्येक रकाना झाला की ती सासूकडे बघे, माझ्याकडे नाही.

शेवटून दुसरा रकाना आला. "पिकाच्या संरक्षणासाठी अर्जदाराने केलेली उपाययोजना," मी वाचलं.

"म्हंजे काय?" यशोदाबाईनं विचारलं.

"पीक राखायला काय केलं ते."

दोघी माझ्याकडे बघू लागल्या. नऊ वर्षं एक माणूस थंडीत जागला, हवेत बार काढला, कोणाचा केसही जळला नाही. हे लिहिण्यासारखं होतं. आता बायका थाळ्या वाजवतात, हेही लिहिण्यासारखं होतं. पण थाळी लिहिली तर कोणी विचारील, आधी काय करत होता?

"गुरुजी?"

"काही लिहू नका," मी म्हणालो. "रिकामा सोडा."

रंजूनं तो सोडला. यशोदाबाईनं कागदाची घडी पदरात बांधली आणि दोघी गेल्या.

महिन्यानं अर्ज परत आला. रिकाम्या रकान्याभोवती लाल शाईनं गोल केला होता आणि बाजूला 'अपूर्ण' असं लिहिलं होतं. तो माझ्याकडे कोणी आणला नाही. पंचफुलाबाईनं सांगितलं, विहाराच्या पायरीवर, जाता जाता. दुसरा अर्ज भरायची मुदत तोवर संपली होती.