आधी बसा

"काकू, चाळीस शब्दांत बसवा ना. चौकट तेवढीच आहे."

डिझायनर मुलीने लॅपटॉप चौकशीच्या खिडकीत सरकवला. इस्पितळाची नवी वेबसाइट तयार होत होती आणि मजकूर लिहिण्याचं काम काकूंच्या गळ्यात पडलं होतं. सव्वीस वर्षं त्यांनी याच खिडकीत बसून लोकांना उत्तरं दिली होती. महिनाअखेरीस त्या निवृत्त होणार आणि खिडकीही बंद होणार, असं वरून ठरलं होतं. पुढे लोकांनी वेबसाइट बघायची.

मुलीने पानं आधीच सजवून ठेवली होती. प्रत्येक पानावर हसऱ्या कुटुंबाचा फोटो, खाली 'वेळ ठरवा' असं हिरवं बटण आणि मधल्या चौकटीत कसलातरी निरर्थक नमुना मजकूर. तो काढायचा आणि तिथे खरा भरायचा. दातांचं पान, डोळ्यांचं पान काकूंनी हां हां म्हणता भरलं. 'रुग्ण दगावल्यास' या पानाशी घोडं अडलं.

काटछाट करकरून त्यांनी तेही चाळीस शब्दांत कोंबलं. मग सवयीने मोठ्याने वाचून पाहिलं. खिडकीत त्या नेहमी ज्याने सुरुवात करत, तेच वाक्य उडालं होतं. 'आधी बसा. घाई नाही.'

"ही काय माहिती आहे का काकू? बाकी सगळं आलंय की."

"अगं, मागच्या वर्षी आमचे हे इथेच गेले, वरच्या मजल्यावर," काकू म्हणाल्या. "वॉर्डातून दाखला घ्या, मग डावीकडे आठ नंबर. हजारो लोकांना सांगितलंय मी. आणि त्या दिवशी मी अर्धा तास एक्स-रेच्या रांगेत उभी! माझं मलाच कळेना. सफाईच्या मावशींनी हात धरून बसवलं, तेव्हा कुठे डोकं चालायला लागलं."

मुलीने ते पान पुन्हा उघडलं.

"आणि तो फोटो काढ आधी. त्या पानावर कोण हसतंय? आणि वेळ कसली ठरवायची?"

"चुकलंच माझं," मुलगी हळूच म्हणाली. "तुम्ही खिडकीत सांगता तसं सांगा. पान मी त्यावर बेतते."

काकू सांगत गेल्या, ती टिपत गेली. फोटो गेला, बटण गेलं. पहिली ओळ एकटीच, मोठ्या अक्षरांत, भोवती भरपूर मोकळी जागा ठेवून. त्याखाली एका वेळी एकच काम. सगळ्यात शेवटी फोन नंबर.

"आता कसं, माणसाला श्वास घेता येईल," काकू म्हणाल्या.

नोकरीच्या शेवटच्या दिवशी दुपारी जिन्यावरून एक गृहस्थ उतरले. एका हातात दाखला आणि मोबाइल, दुसऱ्या हातातल्या पारदर्शक पिशवीत बायकी चपला. ते खिडकीकडेच येत होते. काकू पुढे झुकल्या.

गृहस्थ मध्येच थांबले. वॉर्डातल्या सिस्टरने मोबाइलवर नव्या वेबसाइटचं ते पान उघडून दिलं असावं; त्यांनी ते पाहिलं आणि समोरच्या बाकावर बसले. पिशवी मांडीवर घेऊन बराच वेळ बसून राहिले. मग उठले, पुन्हा एकदा मोबाइलमध्ये पाहिलं आणि डावीकडे वळले.

डावीकडे दाखवायला उचललेला काकूंचा हात तसाच राहिला. त्यांनी हात खाली घेतला आणि खिडकीतली 'चौकशी'ची पाटी हलकेच पालथी घातली.