‘काला झूला’, भाग तिसरा

‘काला झूला’ या भयपटाचा आठवा भाग जानेवारी २००९मध्ये आला, तेव्हा नाशिकच्या एका साप्ताहिकाने चंदर गायखेला लेख लिहायला सांगितलं. नाशिकमध्येच द्वारका चौकात चंदरची व्हिडिओ लायब्ररी होती. सोळा वर्षं त्याने कॅसेटी भाड्याने दिल्या. मग घरोघरी केबल आली, सीडी आल्या, आणि लायब्ररीच्या जागी झेरॉक्स आणि मोबाइल रिचार्जचं दुकान झालं. तरी भुताच्या सिनेमांचा विषय निघाला की त्या भागात अजून त्याचंच नाव घेतलं जायचं. आठही भागांचा क्रम लावून द्या, सगळ्यात चांगल्यापासून सगळ्यात टाकाऊपर्यंत, असं संपादकांनी सांगितलं होतं.

चंदरने हे काम मन लावून केलं. पहिल्या भागाला पहिला नंबर, कारण त्यात मध्यंतरापर्यंत भूत दिसतच नाही. पाचव्यात रबरी मगर होती, पण तिला बघून नट खरोखर घाबरल्यासारखे वाटायचे, म्हणून तो दुसरा. सहाव्यात हवेली जळून खाक होते आणि पुढच्याच प्रसंगात तिचे पडदे जसेच्या तसे असतात, म्हणून तो सातवा. आणि सगळ्यात शेवटी, आठव्या जागी, तिसरा भाग. त्याबद्दल चंदरने लिहिलं होतं: ‘झाडाला टांगलेल्या झोक्यावर पांढऱ्या साडीतली चेटकीण बसलेली आहे. तिने किंचाळायचं, तर ती चक्क हसते. चेटकीण कोण होती देव जाणे, पण तिला काम येत नव्हतं. सिनेमा तिथंच मेला.’

लेख लोकांना आवडला. दुकानात येणारे हसून सांगायचे, मगरीला न्याय दिलात.

पुढच्या रविवारी सकाळी एक माणूस आणि एक मुलगी दुकानात आले. माणूस चाळिशीचा, उंच, काळासावळा, डोक्याला टोपी. मुलीच्या हातात लेखाचं कात्रण होतं. चंदरला वाटलं, झेरॉक्स काढायची असेल.

“हे तुम्हीच लिहिलंय का, काका?” मुलीने विचारलं.

“हो.”

“ही झोक्यावरची, ती माझी आई आहे.”

चंदरने आतून दोन स्टुलं आणून ठेवली.

त्या माणसाचं नाव पुंजाराम. पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरचा. मुलगी छाया, सतरा वर्षांची. नाशिकमध्ये नर्सचं शिक्षण घेत होती आणि होस्टेलवर राहत होती. तिथेच तिने हा लेख वाचला आणि बापाला बोलावून घेतलं. सिनेमाचं नाव तिला लहानपणापासून माहीत होतं.

पुंजारामने सावकाश सांगितलं. एक्याण्णव सालच्या हिवाळ्यात तो आणि त्याची बायको नवसाबाई द्राक्षाच्या कामाला नाशिककडे आले होते. लग्नाला वर्ष झालं होतं. मुकादमाने आठ दिवसांसाठी त्यांना शूटिंगवर पाठवलं, दिवे आणि पेट्या उचलायला. चेटकिणीचं काम करणारी बाई मुंबईहून आली होती. उंच फांदीवरचा झोका बघून तिने चढायला नकार दिला.

“नवसा झाडावं कशीबी चढायची,” पुंजाराम म्हणाला. “साहेबानं तिला बघितलं नि बोलला, हिलाच साडी नेसवा. तोंडाला सफेद रंग लावला. झोक्याची दोरी माझ्या हातात व्हती. खालून मीच वढत व्हतो.”

“मग त्या का हसल्या?” चंदरने विचारलं.

“मी शेणावरून घसरलो नि बसलो खाली. तिनं वरून बघितलं,” पुंजाराम म्हणाला. “साहेब बोलला, आता उजेड ऱ्हायला नाय, चालंल असंच.”

छाया वर्षाची असताना नवसाबाईला कावीळ झाली. पाड्यावरून तालुक्याच्या दवाखान्यात न्यायला उशीर झाला आणि ती गेली. तिचा एकही फोटो नव्हता. लग्नात कोणी काढला नाही आणि नंतर काढायचं कोणाच्या मनात आलं नाही. सिनेमा पेठेला कधी लागला नाही. पुंजारामने नाशिकमध्ये दोन-तीनदा चौकशी केली, पण असा सिनेमा लोकांना आठवत नव्हता.

“तुमच्याकडे कॅसेट असेल ना?” छायाने विचारलं. “तुम्ही बघून लिहिलंय.”

चंदरने आठवणीतून लिहिलं होतं. तिसऱ्या भागाचं काय झालं, ते त्याला पक्कं माहीत होतं. ती कॅसेट कोणी नेत नव्हतं. अठ्ठ्याण्णवच्या लग्नसराईत कोऱ्या कॅसेटी संपल्या, तेव्हा त्याने तीच घेतली आणि एका गिऱ्हाइकाच्या मुलीचं लग्न तिच्यावर उतरवून दिलं. बाकीचे भाग ठेवले आणि हा पुसला.

पण त्या दोघांच्या तोंडाकडे बघून त्याला ते सांगता आलं नाही.

“शोधावी लागेल,” तो म्हणाला. “तीन आठवड्यांनी या.”

ते गेल्यावर त्याने जुनी वही काढली आणि ज्यांच्याशी कॅसेटींची अदलाबदल व्हायची, त्या लायब्ररीवाल्यांना फोन लावले. बरेच नंबर बंद पडले होते. सिन्नरला तो स्वतः गेला. तिथल्या माणसाने सगळा माल भंगारात दिला होता. मालेगावात एकाकडे पहिला, दुसरा आणि पाचवा निघाला. घरी बायको सरिता म्हणाली, “दुकान बंद ठेवून फिरताय. त्यांना खरं सांगून टाका, समजून घेतील.”

“समजून घेतील गं,” चंदर म्हणाला. “म्हणून तर सांगवत नाही.”

मालेगावच्या माणसाने नामपूरच्या झुंबरचं नाव सांगितलं. कांदा मार्केटमागे त्याचा व्हिडिओ हॉल होता. चंदर सटाण्याहून जीप पकडून नामपूरला पोचला तेव्हा दुपार झाली होती. झुंबर आता सत्तरीचा होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि चंदरला कांदा साठवायच्या चाळीत नेलं. कोपऱ्यात दोन पत्र्याच्या पेट्या होत्या.

“तिसरा भाग शे,” झुंबर म्हणाला. “पन दहा वरीसमा कोनी हात लाया नही.”

वरच्या कॅसेटींवर उंदरांनी कुरतडल्याच्या खुणा होत्या. तिसरा भाग दुसऱ्या पेटीत तळाशी सापडला. कॅसेटच्या छोट्या खिडकीतून बघितलं तर टेपच्या कडेला पांढरी बुरशी धरली होती. झुंबरने कॅसेट आपल्या उपरण्याने पुसून दिली.

चंदर लग्नाच्या जुन्या कॅसेटी सीडीवर उतरवून द्यायचा, त्यामुळे व्हीसीआर अजून चालू होता. पण बुरशी लागलेली टेप तशीच घातली तर अडकून तुटते, हे तो जाणून होता. त्याने स्क्रू काढले, रिळं बाहेर घेतली आणि दोन दिवस, दुपारच्या निवांत वेळात, कापूस आणि स्पिरिटने वीतवीतभर टेप पुसली. पहिल्यापासून लावायची हिंमत झाली नाही. हाताने रीळ फिरवत तो अंदाजाने मध्याच्या पुढे आला आणि सीडीचं रेकॉर्डिंग सुरू करून कॅसेट आत ढकलली.

आधी नुसत्या रेघा आल्या. मग एक गाणं, मग जंगल. मग झोका आला. प्रसंग संपून थोडा वेळ गेला असेल, तोच आतून कर्र आवाज झाला आणि पडदा निळा पडला. टेप दोन ठिकाणी तुटली होती. पण झोका सीडीवर उतरला होता.

तीन आठवड्यांनी दोघं आले. चंदरने शटर अर्धं खाली ओढलं, त्यांना बसवलं आणि टीव्ही लावायच्या आधीच सांगितलं.

“माझ्याकडे कॅसेट होती. मी ती पुसून तिच्यावर एक लग्न भरलं. कोणी नेत नाही, म्हणून. ही दुसरीकडून आणलीय. तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हाच सांगायला हवं होतं.”

छायाने बापाकडे बघितलं. पुंजाराम बंद टीव्हीकडे बघत होता.

“तुमाला काय ठावं ती कोण ते,” तो म्हणाला.

“मी लेख सुधारून देतो. चूक झाली म्हणून छापायला सांगतो.”

“नको, शेठ. शिनिमा खराबच असंल. नवसाबी तेच बोलायची, असला शिनिमा कोण बघंल.”

चंदरने सीडी लावली. झाडी, धूर, एक वेडीवाकडी फांदी. मग पांढऱ्या साडीतली एक मुलगी झोका घेत पुढे आली. रंगाने तोंड पांढरंफटक होतं आणि हात कोपरापासून खाली सावळेच राहिले होते. ती क्षणभर कॅमेऱ्याकडे बघत होती. मग नजर खाली गेली आणि ती हसली. दुकानात बाईचं मोठं, घुमणारं हसू भरलं. सगळं मिळून बारा-तेरा सेकंद.

“एवढी लहान होती?” छाया म्हणाली.

“तुझ्यापेक्षा वर्षा-दीड वर्षानं मोठी,” पुंजाराम म्हणाला.

चंदरने पुन्हा लावलं. तिसऱ्या वेळी छाया स्टूल सोडून टीव्हीजवळ जाऊन उभी राहिली. आईचे हात बघून ती आपले हात बघत होती.

“आई अशी हसायची का?”

पुंजारामने मान हलवली. “नाय. ह्यो आवाज दुसऱ्या बाईचा हाय. नंतर घातला त्यांनी.”

छायाचा चेहरा पडलेला चंदरला दिसला. आवाज डब केलेला असणार, हे त्याला ठाऊक होतं. पण तिला काय वाटेल, हे त्याच्या डोक्यात आलं नव्हतं.

“मग तिचा कसा होता?” तिने विचारलं.

पुंजारामने टोपी काढून मांडीवर ठेवली. मग तो चंदरला म्हणाला, “शेठ, आवाज बंद करा.”

चंदरने आवाज बंद करून प्रसंग पुन्हा लावला. झोका पुढे आला. झोक्यावरच्या मुलीने खाली बघितलं.

“आता बघ,” पुंजाराम म्हणाला. “खांदे बघ तिचे. आधी खांदे हलायचे. तोंडावं हात धरायची, पण तिथं दोरी धरलेली, म्हणून धरता येईना. आवाज लय नसायचा. नाकातून यायचा जरासा. जवळच्यालाच ऐकू जायचा.”

“तुम्हाला ऐकू गेला होता?” छायाने विचारलं.

“मी खाली व्हतो. लांब. पण कळला.”

छाया पडद्यासमोरच जमिनीवर बसली आणि हात मागे करून तिने बापाला जवळ बोलावलं. पुंजाराम उठून तिच्या शेजारी खाली बसला. बाहेर द्वारकेच्या चौकात बसचे हॉर्न वाजत होते. कोणीतरी शटर वाजवून रिचार्ज मागितला. चंदरने वाकून सांगितलं, “तासाभराने या.” मग त्याने रिमोट छायाच्या हातात दिला, पुन्हा मागे कसं न्यायचं ते दाखवलं, आणि तो काउंटरपाशी जाऊन त्यांच्याकडे पाठ करून बसला.