रविवारची पायरी

त्याने दोन महिन्यांपूर्वीच्या एका रविवारच्या नोंदीचा कागद टेबलावर पसरला आणि कोपऱ्यांवर हाताला लागेल ते ठेवलं: चष्म्याची डबी, पाना, दोन रिकामे कप.

“काका, परत तेच?” त्याची सहायिका दारातून म्हणाली. “डोळे जातील अशानं.”

नऊ वर्षं दोघं एकाच घड्याळामागे होते. पोलादी भांड्यातल्या पोकळीत थोडे रेणू थरथरत. ती थरथर मोजली की वेळ कळे. पण भांड्याच्या भिंतींची ऊब त्यांना स्वस्थ बसू देत नसे आणि घड्याळ किंचित मागे पडे. किती, ते मोजायचं होतं. भिंती आधी पुरत्या तापवून पाच टप्प्यांत निववत न्यायच्या, ही युक्ती गेल्या हिवाळ्यात त्याला सुचली. ती फक्त त्याच्या वहीत होती, आणि वही आतल्या खोलीत, भांड्याजवळच्या फळीवर.

आज सकाळी तीच युक्ती दुसऱ्या प्रयोगशाळेच्या लेखात छापून आली होती. पुढच्या महिन्यात सहायिका तिथेच रुजू होणार होती.

“त्यांनाही सुचली असेल हो,” ती म्हणाली.

“असेल. मलाच सुचावी असं त्यात काय आहे?” सकाळपासून त्याने हेच स्वतःला तीनदा सांगितलं होतं. त्याने कागदावरच्या, घड्याळाची गती दाखवणाऱ्या रेषेवर बोट ठेवलं. एका जागी ती पायरीसारखी खाली उतरली होती. “त्या रविवारी मोजणी चालू असताना आत कोणी गेलं होतं का?”

“मी तर बहिणीकडे होते.”

“मग माझाच हीटर बिघडला असेल.” तो जरा घुटमळला. “एक करतेस? आत उभी राहा थोडी. माणसाच्या उबेनं रेष किती उतरते, ते तरी बघू.”

“आता माझी शेगडी करा,” ती हसली आणि आत गेली.

दाराच्या काचेतून तो बघत राहिला. भांड्याला तीन खिडक्या होत्या. कुठे उभं राहायचं, ते त्याने सांगितलं नव्हतं. ती सरळ डावीकडच्या खिडकीशी गेली, वहीच्या फळीसमोर, आणि सवयीने मान खाली घातली.

रेष उतरू नये, असं त्याला फार वाटलं.

पडद्यावरची रेष उतरली. त्याने रविवारचा कागद उचलून पडद्याशेजारी धरला. चष्मा पुसला, पुन्हा धरला. पायरी तेवढीच होती.

“झालं का, काका?” आतून आवाज आला.

“अजून नाही,” तो म्हणाला. “रविवारी चाळीस मिनिटं लागली होती.”

आत तिने हात पुढे करून उघडी वही हलकेच मिटली आणि तिथेच उभी राहिली.

त्याने नोंदीत वेळ लिहिली. रेष खालीच होती.