सवयीचा गाळ

दुपारी घरच्या लेकीला, भिंगरीला पाहायला मंडळी यायची होती. पुढच्या खोलीत पडदे बदलले जात होते, कपबशा निघत होत्या, आणि मागच्या खोलीत घराची थोरली सून काळ्या कापडाखालच्या बाटल्या एकेक करून बाहेर काढत होती.

कपडे मऊ करणारं एक रसायन या घराच्या कारखान्यात तयार होई. ते नदीत गेलं तर विरून जातं का, हे तपासायचं काम या सुनेचं, भिंगरीच्या वहिनीचं. रसायनशास्त्र शिकलेली बाई. नवरा गेला, आणि तिची पथारी या तपासणीच्या खोलीत आली. जेवणही इथेच, सगळ्यांचं आटोपल्यावर. कुणी हाकललं नव्हतं हो. आपल्याकडे हाकलत नाहीत, नुसतं सरकवत नेतात.

"काय वहिनीबाई, जेवले का तुमचे पाहुणे?" टाकीवाले काका दारातून बाटल्यांकडे डोकावत म्हणाले. गावाच्या सांडपाण्याच्या केंद्रातून तपासणीसाठी जंतूंचा गाळ आणून देणारे ते हेच.

"ताटाला हात लावला नाही, काका."

"रुसले की मेले?"

"मेले असते तर शेजारच्या बाटलीतलं साधं खाणं तसंच राहिलं असतं. ते फस्त केलंय. आपलं रसायन तेवढं पचत नाही त्यांना."

बाटलीत स्वच्छ पाणी, चिमूटभर रसायन आणि गाळातले जंतू. दुसरं अन्न काही नाही. जंतूंनी रसायन खाल्लं, तर पाण्यातला प्राणवायू घटतो. चार आठवडे होत आले होते आणि प्राणवायू जागच्या जागी होता.

तेवढ्यात सासरे आले. काका गुपचूप सटकले.

"परत लाव तपासणी," ते म्हणाले. "या खेपेला गाळ आपल्या कारखान्याच्या टाकीतला घे. तिथले जंतू रोज हेच खातात."

"म्हणून तर तो चालत नाही, बाबा. त्यांना सवय झालीय. नदीतल्या जंतूंना कुठे आहे?"

"होईल की! सवय काय, माणसाला होते, जंतूंना नाही होणार?" त्यांचा आवाज खाली आला. "हे बघ पोरी, या घरात तुला कुणी काही बोललंय का आजवर? छप्पर आहे, दोन घास आहेत. नसती सत्यवादी होऊ नकोस. अहवालावर सही तुझीच लागते."

दुपारी मंडळी आली. सासूबाई लगबगीनं मागे येऊन म्हणाल्या, "तू आपली इथेच थांब गं. शुभकार्य आहे. वाईट वाटून घेऊ नकोस." आणि दार लोटून घेतलं.

माझी सावली नको आणि सही हवी! वहिनी स्वतःशीच हसली.

थोड्या वेळानं नव्या साडीत अडखळत भिंगरी आली. पदराखाली झाकून ताट आणलं होतं.

"आधी तू जेव. आईला नको सांगूस. वहिनी, तुला राग कसा येत नाही गं?"

"सवय झाली," वहिनी म्हणाली.

म्हणाली, आणि हातातला घास हातातच राहिला. वाचकहो, कीर्तनात बुवा दोन तास सांगतात ते कधी कधी आपल्याच तोंडून एका शब्दात बाहेर पडतं. समोर बाटल्या होत्या. कोपऱ्यात तिची पथारी होती. टाकीतल्या जंतूंनी विष पचवलं, म्हणून ते विष नव्हतं असं झालं का?

बाहेरून सासऱ्यांचा आवाज येत होता, "अहो, आमचा माल अगदी निर्धोक! घरचीच सून तपासते. तुमच्या गावापर्यंत नदी पोचायच्या आत सगळं विरून जातं."

वहिनीनं हात धुतले. दार उघडलं. पुढच्या खोलीत जाऊन उभी राहिली.

"विरत नाही," ती म्हणाली. "मीच ती सून. चार आठवडे बघतेय. तुम्ही खालच्या अंगाला राहता, तुम्हीच ते पाणी पिता. म्हणून सांगते."

नवऱ्या मुलाच्या आईनं पदर सावरला, पाय आखडून घेतले आणि सासूबाईंना विचारलं, "यांचे यजमान…?"

सासूबाईंनी मान खाली घातली.

"अगंबाई! आणि अशा वेळी समोर?"

पाण्याबद्दल कुणीच काही विचारलं नाही. नदीपेक्षा बाईची सावली जड झाली.

तेव्हा भिंगरी उठली. पाहायला आलेल्या मंडळींपुढे मान खाली घालून बसायची ती पोर, तिनं आपल्या शेजारची उशी बाजूला केली.

"वहिनी, इथे बस. माझ्याजवळ."

चहा कपातच राहिला. मंडळी गेली. सासरे दाराशी पाठमोरे उभे राहून एवढंच म्हणाले, "उद्या तुझं सामान बांध."

"बांधते," वहिनी म्हणाली. "पण सही मी बाटलीत दिसलं त्याच्यावरच करणार."

संध्याकाळी मागच्या खोलीत दोघी बाटल्या धूत होत्या. भिंगरीच्या नव्या साडीचे काठ भिजले होते. उद्या दोघी कुठे असतील, कुणास ठाऊक. सासूबाई उंबऱ्यात येऊन उभ्या होत्या. आतही येत नव्हत्या, माघारीही जात नव्हत्या.

मी देवाची गाणी ऐकणारा माणूस. देव पाण्यात आहे हे मला कुणी पटवून द्यावं लागत नाही. पण वाचकहो, तुमच्या घराच्या मागच्या खोलीत कोण जेवतंय, हे आज एकदा उठून बघाल का? आणि ती "सवय झाली" म्हणाली, तर त्यावर विश्वास ठेवू नका.