चारशे एकतीस होकार

इनेस पहाटेपासून ओकत होती. आठ महिन्यांच्या पोरीच्या पोटात एवढं मावतं कुठे कोण जाणे. दोन चादरी, तीन झबली, माझा गाऊन असं सगळं धुऊन मी गॅलरीत वाळत घातलं आणि मग आठवलं, आज रविवार.

आमच्या डोंगरावरच्या गावात रविवारी कोणी कपडे वाळत घालत नाही, गवत कापत नाही, खिळासुद्धा ठोकत नाही. एरवी लोकांनी नाकं मुरडली असती आणि विसरली असती. पण पुढच्याच रविवारी गाव माझ्यावर मत देणार होतं. लिक्टेनश्टाइनचं नागरिक व्हायचं तर आधी गावाचा होकार लागतो. संसद आणि राजा त्यानंतर. मतपत्रिकेवर माझं नाव, ओदेत, पोर्तुगालमधलं जन्मगाव, सोबत इनेसचं नाव, आणि दोन चौकोन. हो. नाही.

अकरा वर्षं मी खाली दातांच्या कारखान्यात कवळ्या घडवते. सोबतच्या निम्म्या बायका संध्याकाळी बसने सीमेपलीकडे घरी जातात. मला इथं राहायला मिळालं होतं. ते टिकावं, पोरीला उद्या कोणी 'तू कुठली' विचारू नये, म्हणून वर्षभर मी कुणाला दुखावलं नव्हतं. शिळा पाव मिळाला तरी छान आहे म्हणायचे. इनेस चर्चमध्ये रडली तर मलाच घाम फुटायचा.

"ओदेत!" शेजारची क्रेसेन्स आजी कुंपणापाशी उभी होती. वय ब्याऐंशी, आवाज पंचविशीचा. "खालच्या खोऱ्यातूनसुद्धा दिसतायत तुझ्या चादरी. राजाला किल्ल्यातून हात पुसायला हव्यात का?"

"काढते हो आजी, लगेच काढते. पोर आजारी आहे. माफ करा, खरंच."

"माझ्यापुढे कशाला कसरत करतेस? मी मत कधीचंच टाकलंय पोस्टाने. नाही म्हणून."

मला वाटलं, चेष्टा करतेय.

"तुझ्यावर राग नाही," ती म्हणाली. "मी सगळ्यांनाच नाही म्हणते. माझा नवरा खालच्या गावचा. चव्वेचाळीस वर्षं इथं राबला, तरी त्याच्या मयतीत लोक म्हणाले, माणूस चांगला होता, पण खालचा. तो आत आला नाही, तर दुसरं कुणी कशाला यायचं?"

माझ्या हातातला चिमटा पडला. हिला मी नाताळला केक दिला होता. हिच्या मांजरीला दूध पाजलं होतं.

"अकरा हिवाळे!" मी ओरडले. "अकरा हिवाळे तुमच्या पायऱ्यांवरचा बर्फ तुम्ही माझ्या पायऱ्यांवर लोटता! पोटुशी असताना घसरून पडले मी, आणि वर तुम्हालाच नमस्कार केला!"

समोरच्या घराची खिडकी उघडली. क्रेसेन्स शांतपणे म्हणाली, "मग तेव्हाच का नाही बोललीस, बावळट?"

आठवडाभर मी झोपले नाही. गल्लीभर ऐकू गेलं होतं.

रविवारी दुपारी निकाल लागला. हो, चारशे एकतीस. नाही, तीनशे अठ्ठ्याऐंशी. माझा नवरा रुई इनेसला खांद्यावर घेऊन घरभर नाचला. मीही नाचले, दोन मिनिटं.

सोमवारी बेकरीवालीने मला मिठी मारली. पोस्टमनने पाठ थोपटली. इनेसचं वजन करणारी नर्स म्हणाली, "आता आपली झालीस!" जो तो म्हणत होता, मी होच म्हटलं. मग ते तीनशे अठ्ठ्याऐंशी कोण? मी प्रत्येक हसऱ्या तोंडाकडे बघत होते आणि मोजत होते.

शेवटी इनेसला घेऊन क्रेसेन्सच्या स्वयंपाकघरात गेले. तिने चीज घातलेले पिठाचे गोळे आणि सफरचंदाचा गर पुढ्यात सरकवला, पोरीला मांडीवर घेतलं.

"कुणाकुणाचा संशय येतोय?"

"सगळ्यांचा."

"माझा?"

"नाही. तुमचं ठाऊक आहे."

"मग खा निवांत."

मी खाल्लं. वर्षभरात पहिल्यांदा घासाची चव कळली. इनेस म्हातारीच्या बटणाशी खेळत झोपून गेली.

तेवढ्यात दार ढकलून पोस्टमनची बायको आत आली, हातात फुलं. "इथं आहेस होय! अगं, आमच्या घरातल्या सगळ्यांनी हो म्हटलं बरं का!"

क्रेसेन्स ताटलीकडे बघत राहिली.

मी उठले, फुलं घेतली आणि म्हणाले, "किती चांगले आहात तुम्ही सगळे."