हरभऱ्यातलं पाडस आणि मी

मित्रांनो, नाक मुरडू नका. मी एक जुनी दुधाची बाटली आहे. अंगावरचं बदक पुसट झालंय, निपल पिवळं पडलंय, पण एके काळी उस्मानपुऱ्याच्या त्या घरात माझ्याशिवाय पान हलत नव्हतं.

चिकलठाण्याच्या एका कारखान्यात मी साच्यातून बाहेर पडले आणि गीताबाईंच्या पिशवीतून घरी आले. त्यांची नात अमृता जन्मली तेव्हा मूठभर होती. आईला दूध येईना. मग मीच तिला पाजलं. गीताबाई येईल त्याला सांगायच्या, "ह्या बाटलीनं माही नात जगवली." ऐकून मी फुगायचे. का नाही फुगणार? पुढं अमृता भाकरी चावायला लागली आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. गरज सरो, वैद्य मरो! कित्येक वर्षं मी धूळ खात पडले.

गेल्या थंडीत एका दुपारी गीताबाईंनी मला खाली काढलं. अमृताच्या मांडीवर शालीत गुंडाळलेलं हरणाचं पाडस होतं. गीताबाईंचा भाऊ कडुबा पैठणजवळ शेती करतो. त्याच्या हरभऱ्यात ते अमृताला एकटंच सापडलं होतं.

"आजी, ह्याला आई नाय. उचललं तरी पळालं बी नाय."

"टाकून गेली असंल. कसली आई म्हणावी!" गीताबाई हळहळल्या. "तुला पावली ती बाटली ह्याला बी पावंल."

अहो, पळेल कसं? धोका दिसला की निपचित पडून राहायचं, एवढंच ते शिकून जन्मलं होतं. भीतीनं थिजलं होतं बिचारं, आणि ह्यांना वाटलं लळा लागला.

मग काय लाड! साबणानं आंघोळ घातली. दृष्ट लागू नये म्हणून कपाळाला काजळाचं बोट लावलं. शेजारीपाजारी फोटो काढून गेले. म्हशीचं दूध साखर घालून माझ्यात ओतलं, आणि पाडसाला तान्ह्या बाळासारखं मांडीवर उताणं घेऊन निपल तोंडात कोंबलं. हरणाचं पिल्लू उभं राहून, मान वर करून पितं. ह्याला ठसका लागला, नाकातून दूध आलं. "हळू पी रं राजा," म्हणत गीताबाई पाठ थोपटायच्या आणि पुन्हा पाजायच्या. तेव्हा मला वाचा असती तर किंचाळले असते!

लवकरच त्याच्या छातीत घरघर सुरू झाली. पोट फुगलं. अमृता रडायला लागली तेव्हा कुठं त्याला जनावरांच्या डॉक्टर करुणाताईंकडं नेलं. त्यांनी सुई दिली आणि आधी वनखात्याला फोन लावला.

"दूध फुफ्फुसात गेलंय," त्या म्हणाल्या. "आणि आई टाकून गेली नव्हती हो. पिल्लू लपवून ती चरायला जाते, पाजायला परत येते. अजून शोधत असेल."

वनखात्याच्या माणसांबरोबर सगळे शेतात पोचले. मी अमृताच्या पिशवीत होते, भरलेली. कडुबा बांधावरच उभा होता.

"इथं हरिणी दिसली का रं?" गीताबाईंनी विचारलं.

"दिसली म्हंजी? तुमी गेल्यापसून इथंच घिरट्या घालती. मला वाटलं हरभऱ्याला चटावली. लई दगडं हाणली. लंगडती, पर जात नाय."



पाडसाला त्याच जागी ठेवून सगळे लांब गेले. घाईत पिशवी तिथंच राहिली. हरिणी लंगडत आली. तिनं वास घेतला, कपाळावरचं काजळ चाटून काढलं. ऊठ म्हणून नाकानं ढोसलं. पाडसानं पाय रोवले, अर्धं उठलं आणि कोसळलं. ते पुन्हा हललं नाही. तिच्या सडांतून दूध मातीत गळत होतं. ती ढोसतच राहिली.

"आजी, आपण त्याला वाचवत होतो ना?" अमृतानं विचारलं.

मित्रांनो, एकटं दिसलं म्हणून पिल्लू पोरकं नसतं. हात लावू नका. लांबून लक्ष ठेवा, कुत्री येऊ देऊ नका, वनखात्याला कळवा. फार माया दाटून आली तर हात मागं बांधा.

मी परत माळ्यावर आहे. ह्या बाटलीनं कुणाला जगवलं, हे गीताबाई आता कुणालाच सांगत नाहीत.